वेनच्या पिस्तुलावरचा ओरखडा

आर्लीन कांगसला स्वस्थ बसता येत नाही, हे गावात कुणालाही विचारा. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उमेदीची सगळी वर्षं काढली. निवृत्त झाल्यावरही तिच्या हातांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. चर्चमध्ये कॉफीला बोलावलं तर ही दुसऱ्यांच्या बश्या उचलायला लागते. पुसलेलं टेबल पुन्हा पुसते. तिचा नवरा वेन म्हणतो, हिला शवपेटीत ठेवली तरी आतून झाकण पुसत बसेल.

वेन लोखंडाच्या खाणीत यंत्रदुरुस्तीला होता. पहिल्या पगारातून त्यानं काय घेतलं, तर पंचेचाळीस कॅलिबरचं एक पिस्तूल. लग्नाची अंगठी त्याच्यानंतर आली, हे आर्लीन त्याला अजूनही ऐकवते. दर रविवारी जेवणं झाली की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जुना टॉवेल पसरायचा, पिस्तूल खोलायचा, भाग न् भाग पुसायचा, बारक्या कुपीतून तेलाचे थेंब सोडायचा आणि पुन्हा जोडून हातात तोलून बघायचा. त्या टॉवेलाला घरात कुणी हात लावायचा नाही. आर्लीन पिस्तुलाला सवत म्हणायची. सवतीचे लाड बघत ती भांडी घासायची, आणि खरं सांगायचं तर तो तास तिला आवडायचा. एरवी वेन घरात असला तरी गॅरेजमध्ये असायचा. तेवढा वेळ तो तिच्या पाठीशी बसलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी वेन विसरायला लागला. आधी माणसांची नावं, मग भाजीच्या दुकानातून घरी येणारा रस्ता. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं आणि उन्हाळ्यात त्याच्याकडून गाडीची किल्ली काढून घ्यायला लावली. किल्ली आर्लीननंच काढून घेतली. वेन भांडला नाही. तो खुर्ची गॅरेजच्या दिशेला वळवून महिनाभर नुसता बसून राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती लाकडं आणायला शेडमध्ये गेली होती. दिवस मावळत होता. हातभर लाकडं घेऊन ती मागच्या दारानं आत आली, तर वेन टेबलाशी बसलेला, पिस्तूल जोडून तयार, त्याचा हात पिस्तुलावर. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“कोण आहेस तू?” तो म्हणाला. “माझी बायको आता येईल. चल, नीघ इथनं.”

आर्लीनच्या हातातली लाकडं पायाशी पडली. किती वेळ गेला ते तिला सांगता येणार नाही. मग वेन म्हणाला, “दार लाव की, थंडी आत येतेय,” आणि पिस्तूल पेटीत ठेवून टॉवेलाची घडी करायला लागला. झाल्या गोष्टीबद्दल तो बोलला नाही आणि तीही बोलली नाही.

त्या दिवसापासून तिची ती जुनी, हातांची चुळबुळ पोटात उतरली. वेन उठला की तिचे कान उभे. कपाटाचं दार वाजलं की ती हातातलं काम टाकून धावे. पिस्तुलाच्या गोळ्यांचा डबा तिनं पिठामागे लपवला खरा, पण त्या घरात गोळ्या कुठे नव्हत्या? गॅरेजमध्ये, जुन्या कोटांच्या खिशांत, मासेमारीच्या पेटीत, चाळीस वर्षांत माणसानं खारीसारखं जागोजागी पुरून ठेवलेल्या.

मुलीला, टॅमीला, तिनं फोनवर सांगितलं. सगळं नाही, निम्मंच.

“आई, तू उगाच विचार करत बसतेस,” टॅमी म्हणाली. “कर्टिस येईल आणि घेऊन जाईल. बाबांना सांगायचं, दुरुस्तीला दिलंय.”

“दुरुस्तीला कुणाकडे देणार गं? अख्ख्या गावाची पिस्तुलं तोच दुरुस्त करायचा.”

“मग काहीतरी दुसरं सांग.”

“किल्ली घेतली तेव्हा काय झालं ते तू पाहिलं नाहीस. तू तुझ्या घरी होतीस. तो पुन्हा तसा खुर्चीत बसला ना, तर उठणार नाही.”

जावयाला, कर्टिसला, बोलवायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलं. आणि मग फेब्रुवारीत तिला टपाल कचेरीतल्या फळ्यावर एक कागद दिसला. शिकार-मासेमारी क्लबच्या सभागृहात, शनिवारी, पिस्तुलाची देखभाल स्वतःच्या हातानं शिका. हौशी लोकांसाठी. आपापलं पिस्तूल घेऊन या, नवखे असाल तरी चालेल. शिकवणारा गॉर्डी लाहती.

आर्लीन तो कागद वाचत उभी राहिली आणि तिच्या डोक्यात एक विचार शिरला. पिस्तुलात एक पिन असते, फायरिंग पिन, घोडा पडला की तीच पुढे जाऊन गोळीला ठोसते. वेनच्या तोंडून तिनं हे हजारदा ऐकलं होतं. ती पिन काढली की पिस्तूल नुसतं लोखंड. आणि रविवारच्या सफाईत वेन तेवढ्या आत जात नाही, पिन तो फक्त नाताळाच्या आधी काढतो. म्हणजे पिस्तूल घरात राहील, टॉवेल टेबलावर राहील, वेनही राहील. कुणाला काही कळायचं कारण नाही. एवढी साधी युक्ती इतके दिवस सुचली नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली.

शनिवारी टॅमी वेनला न्हाव्याकडे आणि मग जेवायला घेऊन गेली. तिची गाडी वळणाआड गेली न गेली तोच आर्लीननं कपाटातून पेटी काढली, पावाच्या टोपलीत घातली आणि वर फडकं टाकलं. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही वेलदोड्याचा पाव वाटायला निघाली आहे.

सभागृहाच्या दाराशीच गॉर्डी एकेकाचं पिस्तूल रिकामं आहे की नाही ते बघून आत सोडत होता. गोळ्या बाहेर गाडीत ठेवायच्या, आत एकही आणायची नाही. त्यानं टोपलीतलं फडकं उचललं, पेटी उघडली आणि थबकला. ते पिस्तूल तो ओळखत होता. त्या क्लबात ते कोण ओळखत नव्हतं?

“मिसेस कांगस, वेनना माहीत आहे का हे?”

“त्याचा वाढदिवस आहे,” आर्लीन म्हणाली. “त्याला चकित करायचंय.”

“त्यांचा वाढदिवस जूनमध्ये असतो. आपण तळ्यावर केला होता.”

आर्लीन टोपलीची कड पुसायला लागली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती आणि एवढं एकच तयार करून आणलं होतं. गॉर्डीनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि पेटी परत तिच्या हातात दिली.

“पुढच्या टेबलाला बसा,” तो म्हणाला. “तिथं उजेड चांगला आहे.”

आत सगळी जाडजूड दाढीवाली माणसं, आणि त्यांतली निम्मी तिच्या हातचं खाऊन वाढलेली. बर्फ उपसायचं यंत्र चालवणारा ड्वाइट सालो तिच्या शेजारीच होता. “मिसेस कांगस, आज ताटात काय आहे?” त्यानं विचारलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “ड्वाइटला दुसऱ्यांदा वाढू नका, तेव्हाही फार मागायचा.” आर्लीन हसली, पण तिचं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. टॅमी जेवायला फार वेळ लावत नाही.

गॉर्डी शिकवत होता छान. आधी त्यानं सगळ्यांना वंगणावरून पेटवलं. “तेल की ग्रीस?” एवढंच विचारलं आणि सभागृहात दोन तट पडले. शेवटी गॉर्डीनं हात वर केला. “घासणाऱ्या खाचांत ग्रीस. वरची सरकती स्लाइड जड असते, तेल ओघळून जातं. वेन कांगस इथं असते तर म्हणाले असते की आपल्याकडच्या थंडीत ग्रीसची मेणबत्ती होते, आणि मला दारातून बाहेर काढलं असतं. पण ते इथं नाहीत, तेव्हा आज ग्रीस.” सगळे हसले आणि आर्लीनकडे वळून बघायला लागले. तिनं मान खाली घालून पुढ्यातलं फडकं सरळ केलं.

मग खोलाखोली सुरू झाली. ड्वाइटची स्प्रिंग सुटली आणि तिचं टोपण उडून भिंतीवरल्या हरणाच्या शिंगांत जाऊन अडकलं. ते काढायला शिडी आणावी लागली. आर्लीनचं मात्र काहीच उडालं नाही. चाळीस वर्षं पाठमोरी भांडी घासता घासता तिनं जे कानांनी ऐकलं होतं ते आता हातांना सापडत होतं. हा खटका, आता स्प्रिंग, आता नळी. गॉर्डीनं मागची बारीक पट्टी खाली सरकवून पिन कशी निघते ते दाखवलं. आर्लीननं ती काढली, घातली, पुन्हा काढली. तिच्या तळहातावर ती इवलीशी पिन पडली, रफू करायच्या सुईपेक्षा फार मोठी नव्हती. एवढ्याशा वस्तूसाठी आपली झोप उडाली होती, याचा तिला राग आला.

ती तशीच खिशात टाकावी असं तिच्या मनात आलं. पण गॉर्डी एकेकाचं जोडलेलं पिस्तूल घोडा पाडून तपासत होता, आत पिन नसली तर त्याला कळणार. घरी जाऊन काढू, तिनं ठरवलं. आता हात शिकले आहेत. तिनं पिन जागेवर बसवली, पुढे गॉर्डीनं सांगितलं तसं खाचांत ग्रीसचं बोट फिरवलं, स्लाइड चढवली आणि बाजूची आडवी खीळ हातात घेतली. घड्याळात टॅमीची जेवायची वेळ उलटून गेली होती.

ही खीळ आत जाताना स्प्रिंगवरच्या एका बारक्या बोंडाला अडते. तिथं थांबून, बोंड दाबून, हलकेच वर चढवायची असते. आर्लीननं ती रेटली.

खर्र असा आवाज झाला. अगदी बारीक. खिळीखाली, वेननं जन्मभर जपलेल्या काळ्याभोर पोलादावर, एक पांढरी कमानदार रेघ उमटली.

ड्वाइटनं वाकून पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. “अरे, मिसेस कांगसनी रेघ ओढली. या, या, आमच्यात या.” त्यानं आपलं पिस्तूल वळवून दाखवलं, तिथंही तशीच रेघ. मागच्या टेबलावरूनही दोघातिघांनी आपापल्या रेघा दाखवल्या. या पिस्तुलाच्या शौकिनांत त्या ओरखड्याला बावळटाची रेघ म्हणतात, आणि घाई करणाऱ्या प्रत्येकाच्या पिस्तुलावर ती एकदा तरी उमटतेच. फक्त एका माणसाच्या पिस्तुलावर नव्हती. नव्या पोरांना क्लबात घेतलं की वेन आपलं पिस्तूल त्यांच्या नाकाशी धरून सांगायचा, बघा, इतकी वर्षं झाली, आहे का रेघ?

आर्लीन अंगठ्यानं ती रेघ पुसत होती. थुंकी लावून पुसली, फडक्यानं पुसली. जन्मभर पुसून पुसून सगळं निघालं होतं, हे निघत नव्हतं.

“मिसेस कांगस,” गॉर्डी हळूच म्हणाला, “पोलाद काळं करायची शाई मिळते, तिनं थोडी झाकता येईल. पण वेन यांच्यापासून नाही झाकता येणार.”

घरी ती टॅमीच्या आधी फार तर दहा मिनिटं पोचली. पेटी कपाटात ठेवायला तेवढी पुरली, पिन काढायला नाही. संध्याकाळी वेननं मागची सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, तापवली, दर शनिवारी तापवतो तशी, आणि टॉवेल खांद्यावर टाकून तिला हाक मारली. डोकं दुखतंय म्हणून ती गेली नाही. टॅमीच्या जन्मापासून तिनं शनिवारची सौना चुकवली नव्हती. वेननं दारातून तिच्याकडे पाहिलं आणि तो एकटाच गेला.

रविवारी जेवणं झाली. वेननं टॉवेल पसरला. आर्लीन भांड्यांना लागली आणि एकच पातेलं घासत राहिली. पेटी उघडल्याचा आवाज आला. मग नेहमीचा खटका. मग काहीच नाही.

तिनं वळून पाहिलं तेव्हा वेननं दिवा जवळ ओढला होता आणि पिस्तुलाचे दोन भाग दोन हातांत धरले होते. बराच वेळ तो बघत राहिला. बोटानं काहीतरी चाचपलं, बोट नाकाशी नेलं, टॉवेलाला पुसलं. मग त्यानं सगळं जोडलं, सावकाश, खीळसुद्धा, आणि टेबलाच्या मध्यावर ठेवून दिलं.

“रेघ पडली,” तो म्हणाला. “माझ्या हातून रेघ पडली, आर्लीन.”

खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. तोंड उघडलंही होतं.

“कर्टिसला फोन कर,” वेन म्हणाला. “घेऊन जाऊ दे त्याला. गोळ्या पण. गॅरेजमधल्या मी काढून देतो. ज्या हातानं रेघ पडते त्या हातात हे नको.”

आर्लीननं तोंड मिटलं. जे व्हावं म्हणून तिनं नोव्हेंबरपासून जिवाचं रान केलं होतं ते तिच्या पुढ्यात आपण होऊन येऊन पडलं होतं, आणि त्याला फक्त एवढंच लागत होतं की तिनं गप्प राहावं. ती गप्प राहिली. फोन केला. कर्टिस सोमवारी आला आणि घेऊन गेला. वेननं त्याला दारापर्यंत सोडलं आणि पेटी कशी धरायची ते दोनदा सांगितलं.

आता तिला झोप लागायला हरकत नव्हती. पण तो आठवडा तिला खायला उठला. तिनं स्टोव्ह हलवून त्याच्या मागची भिंत घासली. पडदे धुतले, बाहेर गुडघाभर बर्फ असताना ही पडदे धुते. वेन खिडकीशी बसून आपला हात उलटासुलटा करून बघताना दिसला की ती दुसऱ्या खोलीत निघून जाई. पाव कापायला सुरी दिली तर तो म्हणाला, “तूच काप.” तो सहज म्हणाला असेल, पण तिला ते लागलं. याची गाडी मी घेतली, पिस्तूल घेतलं, आणि आता याचा हातही घेतला, तोही खोटा आळ घालून. खाणीतल्या माणसाजवळ हाताशिवाय असतं काय? शुक्रवारी तिनं टॅमीला फोन लावला आणि टॅमीनं उचलायच्या आत ठेवून दिला. हे टॅमीला सांगण्यासारखं नव्हतंच.

शनिवारी वेननं सौना तापवली. या वेळी तिचं डोकं दुखलं नाही.

आत दोघं वरच्या फळीवर बसली. दगड तापून गेले होते. सौनेत भांडायचं नाही आणि वाईट बोलायचं नाही, असं दोघांनाही लहानपणी सांगितलेलं. वेननं डावानं पाणी टाकलं आणि वाफ उसळून वर आली. त्या वाफेत त्याचा चेहरा दिसेनासा झाला तेव्हा आर्लीन बोलली.

“ती रेघ मी ओढली. गॉर्डीच्या वर्गाला गेले होते, तुझं पिस्तूल घेऊन. तुझ्या हातानं काही झालेलं नाही.”

वेननं डाव बादलीत ठेवला.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“खाचांत ग्रीस होतं. मी उघडलं आणि बघतो तो ग्रीस. मला बायकोचं नाव एक दिवस आठवणार नाही, आर्लीन, पण मी त्यात ग्रीस घालीन? आणि आदल्या दिवशी तू सौनेला आली नाहीस.”

“मग माझ्या हातून पडली असं कशाला म्हणालास?”

वेन पाय खालच्या फळीवर टेकून पुढे वाकला. घाम त्याच्या नाकावरून ठिबकत होता.

“त्या दिवशी तू लाकडं टाकलीस,” तो म्हणाला. “नोव्हेंबरात. मला आधी काय झालं ते आठवत नाही. पण शुद्धीवर आलो तेव्हा तुझ्या पायाशी लाकडं पडलेली आणि तुझं तोंड... तसं तोंड मी तुझं कधी पाहिलं नव्हतं. माझ्याच हातात ते होतं ना?”

आर्लीननं मान हलवून हो म्हटलं.

“तेव्हापासून वाटत होतं, देऊन टाकावं. पण तोंडानं म्हणवेना. तू म्हणशील म्हणून वाट बघत होतो. तू म्हणेनास. मग रेघ दिसली. म्हटलं, चला, कारण मिळालं. एखाद्या माणसाच्या हातून रेघ पडली म्हणून त्यानं पिस्तूल ठेवलं, हे बरं. बायको घाबरते म्हणून काढून घेतलं, हे नको.”

आर्लीनला रडू आलं आणि सौनेत रडण्याचं एक बरं असतं, कुणाला वेगळं दिसत नाही. “मी पिन काढायला गेले होते,” ती म्हणाली. “तू पुसत बसला असतास. तुला कळलं नसतं.”

“नाताळात कळलं असतं.”

“तोवर काहीतरी सुचलं असतं.”

वेन हसला. कित्येक महिन्यांनी तो असा पोटातून हसला, आणि खोकला लागेपर्यंत हसत राहिला.

“मला सांग, खीळ घालताना थांबलीस का? बोंडाशी?”

“नाही. रेटली.”

“रेटायची नसते.” त्यानं डाव उचलला, आडवा धरला, आणि तिचा हात ओढून तिचा अंगठा डावाच्या दांड्यावर ठेवला. “इथं थांबायचं. खालून बोट लाव. आता वर. हळू.” तिनं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून ती नसलेली खीळ नसलेल्या बोंडावरून चढवली.

“पडली रेघ?” त्यानं विचारलं.

“नाही पडली.”

“बघ.” तो मागे टेकला आणि डोळे मिटले. “रेघेचं काही नाही, आर्लीन. रेघ माझ्या नावावर राहू दे, क्लबात हसतील तर हसू देत. पण ग्रीस?”

“गॉर्डीनं सांगितलं,” ती म्हणाली.

“गॉर्डीला काय कळतं,” वेन म्हणाला, आणि दगडांवर आणखी पाणी टाकायला तिच्या हातातला डाव मागत हात पुढे केला.